‘एकली पोर तठे कशी र्‍हाई?’ : हॉकीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी भुसावळच्या रेल्वे मैदानावरच्या हॉकीबद्दल लिहिलं. त्यावर चार-दोन पत्रं येतील असं वाटलं होतं, आली बत्तीस. चाळीसगाव, शिरपूर, नंदुरबार, पारोळा, रावेर अशी सगळीकडून. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, म्हणून ज्यांत अनेकांचा प्रश्न आहे अशी पाच पत्रं निवडली. नावं कोणाचीच छापत नाही.

ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांना माझी ओळख एवढीच. वडील लोको शेडमध्ये फिटर होते आणि आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. शेजारच्या अँग्लो-इंडियन गार्डकाकांनी आपली जुनी स्टिक वरून सहा इंच कापून, मुठीला सुतळी गुंडाळून मला दिली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. 1985 मध्ये खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागलो आणि अकरा वर्षं खेळलो. राष्ट्रीय स्पर्धा खेळलो, भारताच्या संघात मात्र कधी आलो नाही. 2024 मध्ये निवृत्त झालो. आता रोज सकाळी पोरांना शिकवतो.

मुलगा सोळा वर्षांचा आहे, शालेय राज्य स्पर्धेपर्यंत खेळला. लीगमध्ये लाखो रुपये मिळतात हे त्यानं टीव्हीवर पाहिलं आणि आता अकरावी सोडून दिवसभर हॉकीच खेळतो म्हणतो. यात पोट भरेल का?
— एक वडील, चाळीसगाव

भाऊ, भरेल. पण ते लीगवर नाही, नोकरीवर भरेल. हे त्याला आजच समजावून सांगा.

हॉकी इंडिया लीग 2013 साली सुरू झाली, 2017 नंतर बंद पडली आणि परत उभी राहिली ती डिसेंबर 2024 अखेरीस. मधल्या वर्षांत जी मुलं बावीस-चोवीसची होती, त्यांच्या हाताला त्या लीगचा एक रुपया लागला नाही. 2024 च्या लिलावात भारताचा त्या वेळचा कप्तान हरमनप्रीत सिंगला 78 लाख मिळाले, तेच तुमच्या मुलानं पाहिलं असणार. त्याच लिलावात मूळ बोली 2 लाखांपासून होती. पुरुषांचे संघ आठ आणि एका संघात भारतीय खेळाडू सोळाच्या आसपास. म्हणजे अख्ख्या देशातून सव्वाशे-दीडशे मुलं. त्यात तुमचा मुलगा येऊ नये असं मी म्हणत नाही. त्यात येण्याच्या भरवशावर अकरावी सोडू नये, एवढंच म्हणतो.

आपल्या देशातली हॉकी पहिल्यापासून खात्यांच्या पगारावर चालत आली. ध्यानचंद 1922 मध्ये सैन्यात भरती झाले आणि हॉकी तिथे शिकले. चार ऑलिम्पिक खेळलेले लेस्ली क्लॉडियस बिलासपूरचे, तेही रेल्वेचं गाव. आज रेल्वे, सेनादलं, पोलीस, तेल कंपन्या, बँका यांचे संघ आहेत. अगदी जवळचं उदाहरण हवं असेल तर भुसावळहून बऱ्हाणपूर-खंडव्यावरून गाडी इटारसीला जाते, त्या इटारसीजवळच्या खेड्यातला विवेक सागर प्रसाद घ्या. टोकियो ऑलिम्पिकचं कांस्यपदक घेऊन तो आला आणि मध्य प्रदेश सरकारनं त्याला पोलीस उपअधीक्षक केलं.

आता व्यवहाराचं बोलू. रेल्वेच्या खेळाडू भरतीला वय साधारण 18 ते 25 लागतं. तिथे ट्रायल होते, खेळातली कामगिरी पाहतात आणि शिक्षणही पाहतात. दहावीवर एक जागा, बारावीवर दुसरी, पदवीवर तिसरी. खेळ सारखाच असला तरी शिक्षण कमी पडलं तर माणूस खालच्या पदावर लागतो आणि पुढची तीस वर्षं तो फरक दर महिन्याच्या पगारात दिसतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. पण नुसतं स्पर्धेला जाऊन आल्यानं ते मिळत नाही. कोणत्या स्पर्धेत कितवा क्रमांक आला यावर पात्रता ठरते आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते. म्हणून स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेचीच खेळा. कुठल्याशा ‘अखिल भारतीय’ नावाच्या स्पर्धेची चकचकीत ढाल घरात शोभते, पडताळणीत चालत नाही. आणखी एक गोष्ट आजच तपासा. प्रत्येक प्रमाणपत्रावर मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याशी जुळते ना? माझ्याकडच्या एका मुलाच्या आडनावात एक अक्षर चुकलं होतं. ते दुरुस्त होईपर्यंत भरतीची तारीख निघून गेली.

माझी चूकही सांगतो. मी खेळत असताना खात्याच्या परीक्षांना बसलोच नाही. सकाळ-संध्याकाळ मैदान, मधल्या वेळात झोप. बत्तीसाव्या वर्षी स्टिक ठेवली तेव्हा माझ्या बरोबर लागलेले दोन पायऱ्या वर गेले होते. मला कोणी अडवलं नव्हतं. मीच फॉर्म भरला नाही.

सर, आमच्या शाळेचं मैदान मुरमाचं आहे. जिल्ह्यात आम्ही सहज जिंकतो. पण पुण्याला टर्फवर खेळलो तर 9-0 ने हरलो. बॉल दिसायच्या आत निघून जायचा. आमचं चुकतं कुठे?
— इयत्ता नववी, शिरपूर

बेटा, तुझं पत्र वाचून मी वीस वर्षांचा झालो. 1984 मध्ये दिल्लीत पहिल्यांदा मी टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, पाय ठेवला. मी लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे खेळणारा. पहिला पास माझ्याकडे आला, मी भुसावळला उभा राहायचो तसाच उभा राहिलो आणि बॉल स्टिकखालून बाहेर गेला. तसं तीनदा झालं. चौथ्यांदा मी आमच्या कप्तानाच्या डोळ्यांत बघितलंच नाही.

जे तुझ्या शाळेचं झालं तेच एकेकाळी आपल्या देशाचं झालं. 1928 ते 1956 आपण ओळीनं सहा सुवर्णपदकं जिंकली, सगळी गवतावर. 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकला पहिल्यांदा कृत्रिम टर्फ आलं आणि आपण सातवे आलो. 1982 च्या आशियाई स्पर्धेची अंतिम मॅच मी क्वार्टरच्या ओट्यावर रेडिओवर ऐकली. दिल्लीत, आपल्याच घरी, टर्फवर, पाकिस्तानकडून 7-1. वडिलांनी चौथ्या गोलनंतर रेडिओ बंद केला होता, मी तो परत लावला. तेव्हा तुम्ही पोरं नऊ गोल खाऊन आलात म्हणून खाली मान घालू नका.

आता चूक. मुरमावर बॉल उसळतो. म्हणून तू स्टिक उभी धरतोस, अंग थोडं ताठ ठेवतोस आणि बॉल आल्यावर मनगट सैल सोडून तो मारतोस. खान्देशच्या पोरांची मनगटं त्यामुळेच मऊ असतात, पुण्या-मुंबईचे प्रशिक्षकही ते मान्य करतात. टर्फवर बॉल उसळत नाही, सरळ रेषेत घसरत येतो. पाणी मारलेलं असलं तर आणखी जोरात. तिथे गुडघे वाकवून, डावा हात जमिनीजवळ नेऊन स्टिक जवळजवळ आडवी टाकायची. उभी स्टिक म्हणजे बॉल अडवायला दोन इंच जागा, आडवी स्टिक म्हणजे दोन फुटांची भिंत. दुसरी गोष्ट, तू बॉल आल्यावर कुठे द्यायचा ते शोधतोस. टर्फवर बॉल यायच्या आधी मान वळवून बघून ठेवावं लागतं. बघायला उशीर झाला की चुकलेला पास आणि गेलेला बॉल, दोन्ही एकाच क्षणात होतं.

टर्फ शिरपूरला कधी येईल ते तुझ्या-माझ्या हातात नाही. पण तुमच्याकडे जिनिंग आहेत ना? कापसाचा हंगाम संपला की त्यांची काँक्रीटची आवारं रिकामी पडतात. मालकाला मुख्याध्यापकांकडून पत्र द्या आणि सकाळी सहा ते आठ आवार मागा. पहिला पाऊस पडून गेला की ओलं काँक्रीट टर्फच्या फार जवळ जातं. आम्ही दोन वर्षं असंच करतोय. स्टिक घासते, म्हणून तिथे जुनीच न्यायची. भिंतीसमोर दहा पावलांवर उभं राहा, पुश मार, म्हणजे स्टिक न उगारता बॉल ढकल, आणि परत आलेला बॉल आडव्या स्टिकनं थांबव. रोज दोनशे. शंभर उजवीकडे, शंभर डावीकडे रिव्हर्सनं, म्हणजे स्टिक उलटी फिरवून. पहिले पंधरा दिवस कंबर दुखेल. हिट मारायची हौस तिथे करू नकोस, बॉल फुटेल आणि कोणाच्या तरी नडगीवर बसेल. बॉल 156 ते 163 ग्रॅमचा असतो, पण लागल्यावर दगडच वाटतो.

आणि तुमच्या सरांना सांग, वर्षातून आठ-दहा दिवस तरी मुलांना टर्फवर नेऊन ठेवा. स्पर्धेच्या सकाळी पहिल्यांदा टर्फ दिसता कामा नये.

माझा नातू नऊ वर्षांचा, डावखुरा आहे. डावखुऱ्यांची स्टिक कुठे मिळेल?
— आजोबा, रावेर

आबा, कुठेच नाही. हॉकीत स्टिक एकाच बाजूची असते, सपाट भाग डावीकडे, आणि खेळायचं त्याच बाजूनं असा नियमच आहे. पण तुमच्या नातवाला यात तोटा नाही. स्टिकवर डावा हात वर असतो आणि स्टिक फिरवायचं सगळं काम तोच करतो. उजव्या हाताच्या पोरांना तो हात शिकवायला मला वर्ष जातं, त्याचा तो तयारच आहे. स्टिक त्याच्या कमरेपर्यंत येईल एवढी घ्या, साधी लाकडी. कार्बनची महागडी इतक्यात नको.

वय 24. विद्यापीठाच्या संघातून खेळलो. उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं. पुढच्या महिन्यात एका ठिकाणी ट्रायल आहे. पट्टी बांधून उतरू का?
— नंदुरबार

नाही. उतरायचं नाही.

समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की त्यांचा फटका अडवायला गोलरेषेवरून पहिला धावत सुटणारा मी असायचो, फर्स्ट रशर. तेव्हा ना मुखवटा होता ना गुडघ्याचं कवच. एका स्पर्धेत बॉल थेट वाटीवर बसला. संघाबरोबरच्या एका जबाबदार माणसानं बर्फ लावला, स्प्रे मारला आणि ‘उद्या सेमीफायनल आहे, तू लागशील’ असं सांगितलं. मी खेळलो. तो नाही म्हणाला नाही आणि मीही नाही म्हणालो नाही. त्या दोन मॅचेसचं मोल मी आजही जिना उतरताना देतो. त्या माणसाला नंतर मी भेटलो तेव्हा त्याला ती मॅच आठवतही नव्हती.

तुझ्या ऑपरेशनला चार महिने झालेत. धावत वळायच्या खेळात परतायला साधारण नऊ महिने तरी जाऊ द्यावेत असं डॉक्टर सांगतात, तेही मांडीची ताकद दोन्ही पायांत सारखी झाल्यावर. तुझ्या सर्जनला आणि फिजिओथेरपिस्टला विचार, ट्रायलवाल्यांना नको. हे वर्ष गेलं तरी वयाचं अजून एक वर्ष हातात आहे. या महिन्यांत राज्य संघटनेच्या पंच परीक्षेची चौकशी कर. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत (एनआयएस) सहा आठवड्यांचा प्रशिक्षकांचा सर्टिफिकेट कोर्स असतो, त्याचीही माहिती काढ. खेळणं सुटलंच तरी हॉकी सुटणार नाही.

भाऊ, माझी मुलगी तेरा वर्षांची. जिल्ह्याच्या चौदा वर्षांखालच्या संघात होती. सर म्हणतात, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीला पाठवा. तीन एकर कापूस आहे, मी शिवणकाम करते. घरात माळ आहे, अंडं-मटण चालत नाही. तिचे वडील काही बोलत नाहीत. सासूबाई एकच म्हणतात, “एकली पोर तठे कशी र्‍हाई?” मला पाठवायचं आहे, पण रात्री झोप लागत नाही. काय करू?
— एक आई, पारोळा

ताई, तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. आधी पैशाचं सांगतो, कारण तुम्ही ते विचारलेलं नाही, पण तीन एकर कापूस लिहिलात. क्रीडा प्रबोधिनी राज्य सरकारची आहे. निवड झाली की राहणं, जेवण, शाळा, प्रशिक्षण शासन बघतं. अर्ज जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयामार्फत होतो. चाचणीत 30 मीटर धावणं, 800 मीटर धावणं, उभ्यानं लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, 10 मीटरच्या सहा फेऱ्यांची शटल रन अशा गोष्टी असतात, उंची-वजन बघतात. तिला आतापासून एक दिवसाआड 800 मीटर पळू द्या. मुली स्टिकनं कमी आणि या 800 मीटरनं जास्त गळतात.

तेरा हे वय लवकरचं वाटतं, मलाही वाटतं. पण मघाशी शिरपूरच्या मुलाला जे लिहिलं तेच कारण आहे. टर्फवर वाकायची, आधी बघून ठेवायची सवय चौदा-पंधरापर्यंत अंगात शिरली तर शिरते. मी विसाव्या वर्षी शिकलो आणि आयुष्यभर अर्धा सेकंद मागे राहिलो. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे भारताकडून खेळल्या. शेतकऱ्यांच्याच गावातल्या मुली. फलटणलाही हॉकी शिकायला आभाळातून काही पडलं नव्हतं. कुणीतरी शिकवलं आणि घरच्यांनी पाठवलं.

जेवणाची काळजी करू नका. दूध, ताक, डाळी, मोड आलेली मटकी, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, सोयाबीन यावर मुलगी खेळू शकते, फक्त पोटभर आणि वेळेवर खायला हवं. जायच्या आधी सरकारी दवाखान्यात तिचं हिमोग्लोबिन तपासा. आपल्याकडच्या मुलींचं ते कमी असतं आणि मग मुलगी आळशी आहे असा शिक्का बसतो. पाळीच्या दिवसांत त्रास होत असेल तर प्रशिक्षकांना सांगायचं, लाजायचं नाही, हे तुम्ही तिला सांगा. मी माझ्या मुलींना सांगू शकत नव्हतो, बायकोनं सांगितलं.

तिथे जाऊन स्वतः बघा. महिला वॉर्डन रात्री तिथेच राहतात का? डॉक्टर कुठून येतो? मुलींना तक्रार करायची असेल तर कोणाकडे करायची आणि त्या व्यक्तीचं नाव भिंतीवर लिहिलंय का? घरी फोन कोणत्या दिवशी, किती वेळ? हे विचारायला लाजू नका. नीट चालवणारी माणसं या प्रश्नांवर चिडत नाहीत. एखादा चिडला तर मुलीला घेऊन महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडा आणि परत या.

पहिले दोन महिने ती रडेल. फोनवर ‘मला घेऊन जा’ म्हणेल. तेव्हा लगेच निघू नका आणि दुर्लक्षही करू नका. काय खाल्लं, कोणाशी भांडली, कोण काय बोललं ते विचारा. घराची आठवण येणं वेगळं आणि भीती वाटणं वेगळं. तो फरक आईला आवाजावरून कळतो. भीती वाटत असेल तर त्याच दिवशी निघा. आणि हेही ऐकून ठेवा. निवड झालेल्यांतल्या बऱ्याच मुली भारताच्या संघापर्यंत पोचत नाहीत. कोणी पोलिसात लागतात, कोणी रेल्वेत, कोणी शिक्षिका होतात. काही वर्षभरात परत येतात. परत आली तर घरात कोणीही ‘सांगितलं होतं’ म्हणायचं नाही, हे तिच्या वडिलांकडून आधीच कबूल करून घ्या.

आता सासूबाई. 2009 मध्ये माझ्याकडे एक सेंटर हाफ होती, पंधरा वर्षांची. मी आजवर शिकवलेल्यांत बॉल तिच्याइतका लवकर कोणाला दिसला नाही. पुण्याच्या चाचणीचं पत्र आलं होतं. एका सकाळी तिचा भाऊ सायकलवरून आला आणि तिची स्टिक वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. ‘आजी नाही म्हणते,’ एवढंच बोलला. मी ती स्टिक कपाटात ठेवली आणि मैदानावर गेलो. त्यांचं घर माझ्या घरापासून दीड किलोमीटरवर होतं. मी गेलो नाही. त्यांच्या घरात आपण कसं बोलायचं, असं मला वाटलं. पुढे त्या स्टिकनं दुसऱ्या चार मुली खेळल्या, ती झिजून गेली. ती मुलगी बाजारात भेटते, मुलाला मैदानावर पाठवते, मला ‘सर’ म्हणते. त्या आजींना मी एकदाही विचारलं नाही की त्यांना नेमकी कशाची भीती होती. कदाचित त्यांनाही कोणी येऊन सांगायला हवं होतं.

म्हणून ताई, तुमचा पत्ता पत्रावर आहे, मी येत्या रविवारी पारोळ्याला येतो. सकाळच्या एसटीनं, बरोबर बायको असेल. माझ्याकडची एक जुनी विद्यार्थिनी आता पोलिसात आहे, तिला सुट्टी मिळाली तर तीही येईल. मी कमी बोलेन. सासूबाईंनी त्या मुलीला विचारावं, तू तिथे एकटी कशी राहिलीस म्हणून. मुलीचे वडील शेतात गेले असतील तर मी शेतावर जाईन.

जेवायला काही वेगळं करू नका, कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुरे. मुलीचा जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड आणि जिल्हा स्पर्धेचं प्रमाणपत्र मात्र काढून ठेवा. आणि तिला बूट घालून तयार राहायला सांगा, जेवणाआधी तुमच्या शाळेच्या मैदानावर ती 800 मीटर किती वेळात पळते ते घड्याळ लावून बघू.